चीनने अमेरिकेचे कर्जरोखे एकदम विकायला काढले तर नेमकं काय होईल?

निळासमुद्र:

टॅरिफची बातमी आली की दोन दावे हमखास वाचायला मिळतात. पहिला असा की अमेरिकेची नस चीनच्या हातात आहे. त्याने ट्रेझरी रोखे (अमेरिकी सरकारचे कर्जरोखे) बाजारात ओतले की अमेरिकेचे व्याजदर कडाडतील आणि डॉलर आपटेल. दुसरा त्याच्या उलट: आयातशुल्कातून अमेरिकेकडे एवढा पैसा येतोय की कर्जही फिटेल आणि चीनबरोबरची व्यापारतूटही मिटेल.

मला दोन्ही दावे कच्चे वाटतात, पण कुठे कच्चे आहेत ते नीट मांडता येत नाही. म्हणून विचारतो:

१. चीनने विकायचं ठरवलं तर ती विक्री प्रत्यक्षात कशी होते आणि हातात आलेल्या डॉलरचं तो काय करतो?
२. शुल्क कोण भरतं, कोणत्या किमतीवर, कधी?
३. शुल्काची रक्कम आणि कर्ज यांचा मेळ कितपत बसतो?
४. एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांच्या रोख्यावरचा परतावा आठवडाभरात ४ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांच्या आसपास गेला. त्यामागे चीन होता का?

आकड्यांसकट सांगितलंत तर बरं होईल. महासत्तांच्या साठमारीवरची भाषणं भरपूर ऐकून झाली आहेत.

---

रोखेतपशील:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी प्रमाण बघा. २०२५ च्या मध्याला अमेरिकी केंद्र सरकारवर ३६ लाख कोटी डॉलरहून जास्त कर्ज होतं. त्यातलं ७ लाख कोटींच्या आसपास देणं सरकारच्याच सामाजिक सुरक्षेसारख्या निधींचं आहे. उरलेलं सुमारे २९ लाख कोटींचं कर्ज बाहेरच्या लोकांकडे आहे. त्यात सगळ्या परदेशी धारकांचे मिळून ९ लाख कोटी, एकट्या जपानचे १.१ लाख कोटींच्या वर आणि चीनचे साधारण ७५० अब्ज. म्हणजे या २९ लाख कोटींच्या अडीच टक्क्यांहून किंचित जास्त. २०१३ च्या अखेरीस चीनकडे १.३ लाख कोटींचे रोखे होते. चीन गेली कित्येक वर्षं विकतोच आहे, फक्त गाजावाजा न करता.

विक्रीची पद्धत साधी आहे. हे रोखे म्हणजे फेडच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) किंवा रोखे सांभाळणाऱ्या कस्टोडियन बँकेच्या वहीतली नोंद. चीनचं परकीय चलन प्रशासन डीलरला, म्हणजे रोख्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या संस्थेला, भाव विचारतं, सौदा ठरतो, दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी रोखे खात्यातून जातात आणि डॉलर जमा होतात. या बाजारात दिवसाला सरासरी ९०० अब्ज डॉलरच्या घरात उलाढाल होते, त्यामुळे रोजचे पाच-दहा अब्ज त्यात सहज मुरतात.

गाडी अडते ती जुन्या रोख्यांपाशी. ताज्या लिलावातला रोखा, ज्याला बाजारात ऑन-द-रन म्हणतात, क्षणात खपतो. सात-आठ वर्षांपूर्वी निघालेल्या ऑफ-द-रन रोख्याला लगेच गिऱ्हाईक नसतं. डीलरला तो स्वतःच्या ताळेबंदावर घेऊन बसावा लागतो. त्यामुळे मोठा गठ्ठा एकदम आला की तो भाव पाडूनच मागतो. मार्च २०२० मध्ये हेच घडलं. परदेशी धारकांनी महिन्याभरात ३०० अब्जांच्या आसपास ट्रेझरी विकल्या, जुन्या रोख्यांच्या खरेदी-विक्रीच्या भावांत मोठी फट पडली आणि फेडने काही आठवड्यांत १ लाख कोटींहून जास्त रोखे उचलून बाजार सावरला. ३१ मार्च २०२० ला फेडने फिमा रेपो ही सुविधाही जाहीर केली: परदेशी मध्यवर्ती बँकेने रोखे न विकता फेडकडे ठेवून डॉलर उचलायचे. म्हणजे घाऊक विक्रीवरचा उतारा काय, हे फेडला आता पाठ आहे.

विकणाऱ्याचा तोटाही धरा. ४.५ टक्क्यांच्या दहा वर्षांच्या रोख्याचं ड्युरेशन, म्हणजे व्याजदराला किंमत किती हलते त्याचं माप, ८ च्या आसपास असतं. परतावा एक टक्क्याने चढला की किंमत जवळपास ८ टक्के उतरते. १०० अब्जांच्या गठ्ठ्यावर ८ अब्जांचं नुकसान. आणि ज्या धमकीने भाव पडायला हवेत, त्याच पडलेल्या भावात चीनला उरलेला माल विकायचा आहे.

आता हातात आलेले डॉलर. हा भाग चर्चेतून नेहमी गळतो. ते विकून युआन घेतले तर युआन महाग होतो आणि चिनी निर्यातदार मार खातात. टॅरिफच्या वर आणखी एक टॅरिफ स्वतःवर लावून घेतल्यासारखं. युरो किंवा येन घेतले तर ती चलनं चढतात, आणि ज्यांनी चीनला युरो विकले त्यांच्याकडे आता डॉलर आहेत. ते त्यांना कुठेतरी गुंतवावे लागतात, आणि मोठ्या रकमेसाठी पहिली जागा पुन्हा ट्रेझरीच. सोनं घेता येतं. चीनच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२२ पासून सलग अठरा महिने घेतलं, नोव्हेंबर २०२४ पासून परत सुरू केलं. पण शेकडो अब्जांचं सोनं एकदम घ्यायला गेलं की भाव आपल्याच खरेदीने पळतो.

याची चाचणी प्रत्यक्षात होऊनही गेली आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये युआनचं अवमूल्यन झाल्यावर चीनमधून पैसा बाहेर पळू लागला आणि युआन सावरायला चीनने डॉलर विकले. २०१६ या एका वर्षात त्याच्याकडच्या ट्रेझरी सुमारे १.२५ लाख कोटींवरून १.०६ लाख कोटींवर आल्या. त्याच वर्षी जुलैत दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा १.४ टक्क्यांच्याही खाली गेला, तोवरचा नीचांक. दुसरा दाखला खुद्द फेडचा. जून २०२२ पासून तीन वर्षांत फेडने स्वतःकडच्या ट्रेझरी सुमारे दीड लाख कोटींनी कमी केल्या, म्हणजे चीनकडच्या साठ्याच्या दुप्पट. बाजाराने ते पचवलं. फरक एवढाच की फेडने वेळापत्रक आधी जाहीर केलं होतं. धक्का बसतो तो अनपेक्षित घाईने, आणि तोही काही आठवडे टिकतो.

---

जकातनाका:

दुसरा प्रश्न. शुल्क चीन भरत नाही, चिनी कारखानाही भरत नाही. अमेरिकी कस्टम्सच्या कागदांवर 'इम्पोर्टर ऑफ रेकॉर्ड' म्हणून ज्याचं नाव आहे तो भरतो. बहुतेक वेळा ती अमेरिकेतलीच कंपनी असते. माल सुटल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ७५०१ क्रमांकाच्या फॉर्मसोबत रक्कम जमा करायची. मासिक विवरणाची सोय घेतली असेल तर पुढच्या महिन्याच्या पंधराव्या कामकाजाच्या दिवसापर्यंत.

एक हिशोब मांडतो. मालाची फॅक्टरी-ते-जहाज किंमत १,००,००० डॉलर. अमेरिकेत शुल्क या एफओबी किमतीवरच लागतं, सागरी भाडं आणि विमा धरत नाहीत.

मूळ दर समजा २.५ टक्के: २,५०० डॉलर
अमेरिकी व्यापार कायद्याच्या कलम ३०१ खालचं चिनी मालावरचं अतिरिक्त शुल्क २५ टक्के: २५,००० डॉलर
मर्चंडाइज प्रोसेसिंग फी ०.३४६४ टक्के: ३४६.४० डॉलर
बंदर देखभाल फी ०.१२५ टक्के: १२५ डॉलर
एकूण: २७,९७१.४० डॉलर

दोन्ही शुल्कं मूळ किमतीवरच मोजतात. शुल्कावर शुल्क चढत नाही. ही चूक बातम्यांमधल्या गणितात सर्रास दिसते. कागदावर दोन कोड येतात: वस्तूचा नेहमीचा दहा अंकी एचटीएस (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) आणि अतिरिक्त शुल्कासाठी ९९ व्या प्रकरणातला, उदाहरणार्थ २०० अब्जांच्या चिनी मालाच्या तिसऱ्या यादीसाठी ९९०३.८८.०३.

दर अचानक वाढला की सगळ्यात आधी गळ्याशी येतो तो कस्टम्स बॉन्ड, म्हणजे शुल्क भरलं जाईल याची जामीन कंपनीने दिलेली हमी. सततच्या आयातीचा बॉन्ड मागच्या बारा महिन्यांत भरलेल्या शुल्काच्या १० टक्के असावा लागतो, किमान ५०,००० डॉलर. २.५ टक्क्यांवर चालणारा आयातदार २७.५ टक्क्यांवर गेला की त्याचं वर्षाचं शुल्क अकरा पट होतं, आणि बॉन्डची गरजही त्याच मापात वाढते. जामीन कंपनी मग तारण मागते आणि छोट्या आयातदाराचं खेळतं भांडवल तिथेच अडकतं. बॉन्ड अपुरा ठरला की पुढचा माल बंदरात अडकून पडतो. दर चढल्याची बातमी सगळे छापतात, ही रोकडीची कोंडी कुणी छापत नाही.

भार कुणावर पडला हेही तपासलं गेलंय. २०१८-१९ च्या शुल्कांवरच्या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासांत दिसलं की शुल्काआधीच्या चिनी किमती जवळपास उतरल्याच नाहीत, म्हणजे भार अमेरिकी आयातदार आणि ग्राहकांवर आला. काही जण पुरवठादाराशी घासाघीस करून ५-१० टक्के सूट काढतात, पण ती प्रत्येक मालाला मिळत नाही.

मूळ देश बदलून शुल्क टाळण्याबद्दलही सांगून ठेवतो. चीनमधून सुटे भाग आणून तिसऱ्या देशात फक्त खोके बदललं तर माल चिनीच राहतो. नाव, स्वरूप किंवा वापर बदलेल एवढी प्रक्रिया तिथे झाली पाहिजे. चुकीचा मूळ देश लिहिला आणि निष्काळजीपणा ठरला तर बुडालेल्या शुल्काच्या दुपटीपर्यंत दंड. लबाडी ठरली तर मालाच्या पूर्ण देशांतर्गत किमतीपर्यंत. कागद पाच वर्षं जपावे लागतात. कस्टम्सचा आकारणीचा अंतिम हिशोब साधारण ३१४ दिवसांनी होतो आणि त्यावर हरकत घ्यायला १८० दिवस मिळतात. तोपर्यंत आयातदाराला आपली खरी किंमत ठाऊकच नसते.

---

सरळव्याज:

तिसरा प्रश्न गणिताचा आहे. ३० सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात अमेरिकेला सीमाशुल्कातून सुमारे १९५ अब्ज मिळाले, आदल्या वर्षी ७७ अब्ज होते. वाढ घसघशीत आहे. पण त्याच वर्षी तूट १.७८ लाख कोटींच्या आसपास आणि निव्वळ व्याज ९७० अब्जांच्या घरात. म्हणजे सगळं सीमाशुल्क व्याजाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाला पुरलं. मुद्दल फेडण्याचा विषयच येत नाही. मुद्दल वाढतंच आहे.

वर दोन गळत्या. शुल्क भरलं की कंपन्यांचा नफा आणि पगार तेवढे घटतात, म्हणून अमेरिकेत अशा कराचा अंदाज बांधताना मिळकतीतला जवळपास चतुर्थांश इतर करांच्या घटीपोटी वजा धरतात. दुसरी गळती प्रत्युत्तराची. जुलै २०१८ मध्ये चीनने सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं. २०१७ मध्ये सुमारे १२ अब्जांची असलेली विक्री २०१८ मध्ये ३ अब्जांवर आली आणि तो ग्राहक ब्राझीलकडे वळला. शेतकऱ्यांना सावरायला २०१८ आणि २०१९ मिळून २८ अब्जांची मदत जाहीर करावी लागली. एका खिशातून आलेलं दुसऱ्या खिशातून गेलं.

शिवाय दर आणि महसूल एकाच दिशेने कायम जात नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरचं नवं शुल्क १४५ टक्क्यांवर गेलं, तेव्हा कित्येक मालांची मागणीपत्रं सरळ रद्द झाली. माल आलाच नाही तर वसूल काय करणार? १२ मे च्या जिनिव्हा समझोत्यात ते ३० टक्क्यांवर उतरवावं लागलं.

व्यापारतुटीचं तर आणखी स्पष्ट आहे. चीनबरोबरची मालाची तूट २०१८ मध्ये ४१८ अब्ज होती, २०२४ मध्ये २९५ अब्ज. पण व्हिएतनामबरोबरची सुमारे ४० वरून १२३ अब्जांवर गेली, मेक्सिकोबरोबरची ७८ च्या आसपासवरून १७२ अब्जांवर, आणि एकूण मालतूट वाढून १.२ लाख कोटी झाली. देश जितकी बचत करतो त्याहून जास्त गुंतवणूक करत असेल, तर फरक बाहेरून आणावाच लागतो आणि तोच चालू खात्यावरची तूट म्हणून दिसतो. अमेरिकेत त्या बचतीला सगळ्यात मोठं भोक सरकारी तुटीचं आहे. चीनकडे नेमकं उलट: घरगुती उपभोग कमी, बचत प्रचंड, आणि २०२४ चं व्यापारी आधिक्य जवळपास १ लाख कोटी डॉलर. हे दोन्ही आकडे जागचे हलत नाहीत तोवर टॅरिफने फक्त मालाचा रस्ता बदलतो. या मुद्द्यावर दोन्ही राजधान्यांतले लोक एकमेकांकडे बोट दाखवतात आणि घरची तूट किंवा घरची मागणी सुधारण्याचं टाळतात, याची मला मनापासून चीड येते. किंमत मोजतात ते शेतकरी आणि कारखान्यातले कामगार.

---

निळासमुद्र:

चांगलं उलगडलंत, आभार. पण चौथा प्रश्न राहिला. आणि चीनकडे मग काहीच हत्यार नाही असं म्हणायचं का? अमेरिका दर वेळी शेवटी वाटाघाटीला बसतेच.

---

रोखेतपशील:

एप्रिलचं थोडक्यात: चीनकडच्या ट्रेझरी मार्च २०२५ अखेर ७६५ अब्ज, एप्रिल अखेर ७५७. आठ अब्जांनी परतावा अर्धा टक्का हलत नाही. त्या आठवड्यात हेज फंडांनी (मोठी जोखीम घेणाऱ्या खाजगी गुंतवणूक फंडांनी) उधारीवर केलेले सौदे मोडले, मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यांपोटी द्यावी लागणारी जादा अनामत भरायला, जे खपेल ते विकलं गेलं. ९ एप्रिलला तीस वर्षांचा परतावा ५ टक्क्यांना टेकला आणि त्याच दिवशी बहुतेक देशांवरचं वाढीव शुल्क ९० दिवस लांबणीवर पडलं. चिंतेची खरी गोष्ट वेगळी होती. एरवी संकटात लोक ट्रेझरीकडे धावतात. त्या वेळी रोखे आणि डॉलर दोन्ही एकत्र पडले.

---

खनिजशोध:

हत्यार आहे, पण ते रोख्यांच्या तिजोरीत शोधू नका. ते शुद्धीकरणाच्या टाक्यांत आहे.

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला: समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम, इट्रियम. बंदी नव्हे, परवाना. फरक महत्त्वाचा आहे, कारण परवान्याचा नळ हवा तसा फिरवता येतो. प्रत्येक खेपेसाठी अंतिम वापर कोण करणार, कशात करणार याची कागदपत्रं वाणिज्य मंत्रालयाकडे द्यायची आणि थांबायचं. कुणाला परवाना मिळतो, कुणाला नाही, यातूनच संदेश जातो. शिवाय कुणाचं इंजिन, कुणाची क्षेपणास्त्रं, कुठला पुरवठादार ही माहिती अर्जातून आयती गोळा होते.

डिस्प्रोशियमचंच उदाहरण घ्या. निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक तापला की चुंबकत्व सोडू लागतो. विजेवरच्या गाडीच्या मोटरमध्ये दीडशे अंशांच्या पुढे टिकायचं तर त्यात थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळावं लागतं. मोटरच्या किमतीत त्याचा वाटा नगण्य, पण ते नसेल तर मोटर नाही, आणि मोटर नसेल तर गाडी रांगेतच उभी. मे २०२५ मध्ये फोर्डला चुंबकांच्या टंचाईमुळे शिकागोतला कारखाना आठवडाभर बंद ठेवावा लागला. ७५० अब्जांच्या रोख्यांनी जे साधलं नसतं ते काही टन धातूंनी साधलं.

खाणी ही अडचण नाहीच. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पासमध्ये खनिज आहे, पण तिथला बराचसा सांद्रित (धातूचं प्रमाण वाढवलेला) माल एप्रिल २०२५ पर्यंत शुद्धीकरणाला चीनमध्येच जात होता. जगाच्या शुद्धीकरणातला सुमारे ९० टक्के वाटा चीनचा. हे धातू रासायनिकदृष्ट्या इतके सारखे असतात की द्रावकातून शेकडो टप्प्यांत वेगळे करावे लागतात. कारखाना उभारून शुद्धता जुळवायला वर्षं जातात, आणि तेवढ्यात चीनने भाव पाडले की नवा कारखाना बुडतो. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने माउंटन पास चालवणाऱ्या एमपी मटेरियल्सला निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी किलोला ११० डॉलरचा किमान भाव दहा वर्षांसाठी बांधून दिला. अनुदानापेक्षा भावाची हमी इथे जास्त कामाची.

अमेरिकेचं असंच हत्यार म्हणजे ७ ऑक्टोबर २०२२ चे प्रगत चिपवरचे निर्बंध. ३० ऑक्टोबर २०२५ च्या ट्रम्प आणि शी जिनपिंग यांच्या बुसान भेटीनंतर चीनने ९ ऑक्टोबरचे वाढीव खनिज निर्बंध वर्षभरासाठी थांबवले. पण एप्रिलची परवाना पद्धत उठवली नाही, हे बातमीच्या मथळ्यात हरवलं.

---

सरळव्याज:

खनिजशोध यांच्याशी सहमत, फक्त रोख्यांचा विषय पूर्ण मोडीत काढू नका. एकदम विक्रीचा धोका फुगवलेला आहे. नवी खरेदी न होण्याचा धोका खरा आहे. अमेरिकेच्या बाजारातल्या कर्जापैकी जवळपास एक तृतीयांश दर वर्षी मुदत संपून नव्याने उभं करावं लागतं. २०२२ च्या सुरुवातीला या कर्जावरचा सरासरी व्याजदर १.६ टक्क्यांच्या आसपास होता, २०२५ मध्ये ३.३ च्या वर गेला. स्वस्तातले जुने रोखे परत होतात आणि त्यांच्या जागी महागडे येतात. यात कुणा शत्रूची गरजच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचा सुमारे ३०० अब्जांचा परकीय चलनसाठा गोठवला गेल्यावर तर अमेरिकेशी वितुष्ट असलेल्या देशाला नवीन ट्रेझरी घेण्याची हौस उरणार नाही. मोठा परदेशी ग्राहक असा हळूहळू मागे सरला की त्याची जागा घेणारा फंड किंवा घरगुती गुंतवणूकदार परताव्याच्या बाबतीत जास्त चोखंदळ असतो. ०.२५ टक्के जास्त व्याज म्हटलं तरी २९ लाख कोटींवर, सगळं कर्ज नव्या दराला आल्यावर, ते वर्षाला ७२ अब्जांहून जास्त होतं.

---

निळासमुद्र:

मग चीनची खरेदी-विक्री आपल्यासारख्याला कुठून ताडून बघता येईल?

---

रोखेतपशील:

अमेरिकी अर्थखातं दर महिन्याच्या मध्यानंतर टिक नावाची आकडेवारी काढतं, साधारण दीड महिना मागची. त्यातला प्रमुख परदेशी धारकांचा तक्ता उघडा आणि या गोष्टी ध्यानात ठेवा.

आकडे बाजारभावाने असतात. व्याजदर चढले तर एकही रोखा न विकता साठा घटलेला दिसतो. २०२३ पासून निव्वळ खरेदी आणि मूल्यातला बदल वेगळे दिले जातात, ते आकडे बघितल्याशिवाय 'चीनने विकले' म्हणू नका.

नोंद रोखे कुठे ठेवलेत त्या देशाच्या नावावर होते, मालकाच्या नाही. ब्रसेल्सच्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवलेले रोखे बेल्जियमच्या खात्यात दिसतात. २०१४ च्या सुरुवातीला बेल्जियमचा आकडा ३८० अब्जांवर गेला होता, जो त्या देशाच्या आवाक्यातला नव्हताच. त्यातला बराच हिस्सा चीनचा असावा असंच बाजारातले लोक धरून चालतात. म्हणून चीन, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि ब्रिटन एकत्र बघा.

चीनच्या परकीय चलनसाठ्याचा आकडा दर महिन्याच्या सातव्या तारखेच्या सुमारास येतो. साठा स्थिर आणि ट्रेझरी घटत असतील तर पैसा दुसऱ्या मालमत्तेत गेला. सरकारी बँकांकडचे डॉलर मात्र त्या साठ्यात येत नाहीत.

आणि ताजी नाडी हवी असेल तर दहा आणि तीस वर्षांच्या लिलावांचे निकाल. इनडायरेक्ट बिडरचा, म्हणजे दुसऱ्यामार्फत बोली लावणाऱ्यांचा (यात परदेशी मध्यवर्ती बँकाही येतात), वाटा पडला आणि ठरलेला परतावा लिलावाआधीच्या बाजारभावापेक्षा वर गेला, ज्याला टेल म्हणतात, तर मागणी खरोखर पातळ झाली आहे. एक लिलाव वाईट गेल्याने काही ठरत नाही. लागोपाठ तीन-चार तसे गेले तर फेब्रुवारी, मे, ऑगस्ट किंवा नोव्हेंबरच्या रिफंडिंग घोषणेत, म्हणजे पुढच्या तिमाहीत कोणते रोखे किती काढणार याच्या घोषणेत, अर्थखातं लांब मुदतीचे रोखे कमी करून अल्पमुदतीच्या बिलांकडे वळतंय का ते बघा.